हातापायात तार किंवा स्क्रू घातल्यावर: पावसाळ्यात घरी घ्यायची काळजी

बोटाचं किंवा पावलाचं हाड सरकलं, पिळलं किंवा तडा सांध्यापर्यंत गेला, तर अनेकदा नुसतं प्लास्टर पुरत नाही. बोट पिळलंय का, हे अलगद मूठ मिटताना कळतं: एक बोट शेजारच्यावर चढत असेल तर एक्स-रे बरा दिसला तरी डॉक्टरांना दाखवा. तसंच जुळलं तर मूठ कायमची बिघडते.

बोटात साधारण एक ते दीड मिलिमीटर जाडीची तार घालतात आणि बऱ्याचदा तिचं वाकवलेलं टोक कातडीबाहेर ठेवतात. हातातली तार तीन-चार आठवड्यांनी, पावलातली चार ते सहा आठवड्यांनी काढतात. तार कातडीबाहेर येते तीच जंतू आत शिरायची वाट, म्हणून ही जागा कोरडी हवी. गोव्यात जून ते सप्टेंबर हेच कठीण. आंघोळीला दोन प्लास्टिक पिशव्या वेगवेगळ्या बांधा, तरीही हात बादलीत बुडवू नका. पट्टी ओली झाली, वास आला, तर त्याच दिवशी बदलून घ्या. त्या हाताने बांगडे, तिसऱ्या साफ करणं पूर्ण बंद. मासळीच्या पाण्यातले काही जंतू चिवट असतात. तारेभोवती हळद किंवा तेल लावू नका, टोक फिरवू नका.

हाताच्या स्लॅबमध्ये, म्हणजे एका बाजूने बांधलेल्या अर्ध्या प्लास्टरमध्ये, बोटांच्या मुळाचे सांधे ७० ते ९० अंशांत वाकवलेले आणि पुढची पेरं सरळ असतात. अवघडतं म्हणून पट्टी सैल करून हात सपाट करू नका. मुळाच्या सांध्याचे बाजूचे बंध वाकलेल्या स्थितीत ताणलेले राहतात. सरळ ठेवले तर आखडतात आणि हाड जुळूनही मूठ मिटत नाही. पहिले चार-पाच दिवस हात छातीच्या वर हवा. झोळीत लोंबता ठेवला की सूज वाढते. मोकळी बोटं, कोपर आणि खांदा मात्र दर तासाला दहा वेळा हलवा.

करंगळीमागच्या पावलाच्या हाडाला मुळाशी एका ठिकाणी रक्तपुरवठा तुटपुंजा असतो. तिथे स्क्रू घातला तरी जुळायला वेळ लागतो, म्हणून डॉक्टर सांगेपर्यंत वजन टाकू नका. विडी-सिगारेट तर नकोच. चिऱ्याच्या पायऱ्यांवर पावसात शेवाळ धरतं: ते आधी घासून काढा, कुबडीचं रबर झिजलं असेल तर बदला. मधुमेह असेल तर पायाला दुखणं जाणवेलच असं नाही, रोज कुणाकडून तरी तळवा पाहून घ्या.

पू, ताप, तार आत-बाहेर सरकणं: त्याच दिवशी डॉक्टरांकडे. बोटं निळी, बधिर झाली, किंवा हळूच सरळ करतानाही कळ असह्य झाली, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ला फोन करा. काणकोण किंवा सत्तरीतून बांबोळीच्या सरकारी इस्पितळात पोचायलाच वेळ जातो.

तार काढल्यावर भोक बुजलं की कोमट पाण्यात मूठ उघडा-मिटा, दिवसातून चार-पाच वेळा. सूज काही महिने राहते, तोवर त्या बोटात अंगठी नको.