घरची संध्याकाळची प्रार्थना: आमची पद्धत

लांबलचक प्रार्थनेला मुलं कंटाळणार, हे धरूनच चाला. कळव्याच्या आमच्या घरी कुकर उतरला की बायबलमधलं स्तोत्र 136 काढतो. वचनं 26, आणि प्रत्येकाचा शेवट एकच: ‘त्याची दया सनातन आहे.’ एकाने वाचायचं, बाकीच्यांनी पालुपद धरायचं. अक्षरओळख नसलेली धाकटीही मग मागे राहत नाही. चार-पाच वचनं पुरेत.

नंतर तीच चाल आपल्या दिवसाला लावा. ‘आज ठाण्याला लोकलमध्ये चौथी सीट मिळाली’ म्हटलं की सगळे: ‘त्याची दया सनातन आहे!’ सासूबाईंना आधी ही थट्टाच वाटली. आता गुडघ्याची खबर त्याच सर्वांत आधी देतात.

घरातलं भांडण मात्र यात आणू नका. प्रार्थनेतून मारलेला टोमणा मुलं बरोब्बर ओळखतात. माफी आधीच, ओट्यापाशी मागून टाका.