खटकन बसलं म्हणजे जुळलं असं नाही: नेटवर्क केबलच्या कनेक्टरांविषयी

नेटवर्कच्या कामाला नव्याने लागलेल्यांना मी आधी रॅकच्या, म्हणजे नेटवर्कची उपकरणं बसवलेल्या चौकटीच्या, मागच्या बाजूला नेतो आणि दिसेल त्या कनेक्टरचं नाव विचारतो. नावं बहुतेकांना येतात. मग विचारतो, या केबलच्या दुसऱ्या टोकाला काय असेल? इथे गाडी अडते. कनेक्टरचा आकार पाठ असतो, पण त्याच्या मागे कोणती केबल आहे, तिच्यातून काय वाहतं आणि समोरचं उपकरण कशाची वाट बघतंय, याचा विचार झालेला नसतो. या कामातली बरीच डोकेदुखी अशा जोडण्यांतून येते, ज्या नीट बसतात पण जुळत नाहीत.

सुरुवात आरजे४५ पासूनच, म्हणजे नेटवर्कच्या तांब्याच्या केबलला असतो त्या प्लगपासूनच करा, कारण हाताला सर्वांत जास्त वेळा तोच लागेल. आठ पिना, आठ तारा, चार पिळलेल्या जोड्या. रंगांचे दोन क्रम प्रमाण मानले जातात, टी५६८ए आणि टी५६८बी. बीचा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. एमध्ये नारिंगी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल होते, बाकी तेच. दोन्हींत चांगलं-वाईट काही नाही. इमारतीत आधीपासून जे चालत आलंय तेच पुढे चालवायचं. एका टोकाला ए आणि दुसऱ्याला बी केलं की क्रॉस केबल होते. पूर्वी दोन स्विच (अनेक उपकरणं नेटवर्कला जोडणाऱ्या पेट्या) किंवा दोन संगणक थेट जोडायला ती लागायची. आता पोर्ट स्वतःच ओळखून जुळवून घेतात, त्यामुळे ती आवर्जून बनवण्याची वेळ क्वचित येते.

हा क्रम असा विचित्र का, हिरवी जोडी मधे निळी घेऊन तिसऱ्या आणि सहाव्या पिनवर का विभागलीय, हे समजून घ्याच. मधल्या चौथ्या-पाचव्या पिना टेलिफोनच्या जोडीसाठी ठेवलेल्या, म्हणून पुढच्या जोडीला त्यांच्या दोन बाजूंना जावं लागलं. नवखा माणूस इथे स्वतःचं डोकं चालवतो: पहिली-दुसरी एक जोडी, तिसरी-चौथी दुसरी, पाचवी-सहावी तिसरी, दोन्ही टोकांना अगदी सारखं. स्वस्तातला टेस्टर लावला की आठही दिवे ओळीने लागतात आणि केबल पास. पण तिसरी आणि सहावी पिन एकाच सिग्नलची असते, आणि इथे त्या दोन तारा दोन वेगळ्या जोड्यांतल्या झाल्या. तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात त्या बाहेरचा गोंगाट मारण्यासाठी. जोडी फुटली की तो फायदा गेला. लिंक कमी वेगावर येते, कधी पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, गळतात, आणि लोक दोष स्विचला देतात. याला स्प्लिट पेअर म्हणतात. साधा टेस्टर फक्त तार इथून तिथे पोचली का एवढंच बघतो, म्हणून स्प्लिट पेअर पकडणारा टेस्टर हाताशी असावा, निदान कुणाकडून मागून आणता यावा.

क्रिंप करताना, म्हणजे प्लग दाबून केबलवर पक्का करताना, प्रत्येक तारेचं आवरण सोलायचं नसतं. प्लगमधली पाती आवरण भेदून तांब्यापर्यंत जातात. पीळ मात्र टोकापाशी शक्य तितका कमी उघडा, अर्ध्या इंचापेक्षा, म्हणजे सुमारे १३ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आणि केबलचं बाहेरचं जाड आवरण प्लगच्या आत, दाबपट्टीखाली आलंच पाहिजे. बाहेरून नुसत्या रंगीत तारा दिसत असतील तर ते टोक कापा आणि पुन्हा करा. दया दाखवू नका, पुढे ती केबल कुणीतरी ओढणारच आहे.

प्लग विकत घेताना दोन गोष्टी बघा. पहिली, केबल कोणत्या श्रेणीची? कॅट६ श्रेणीच्या तारा आधीच्या कॅट५ई पेक्षा सहसा जाड असतात, त्यामुळे जुन्या प्लगच्या खाचांत त्या जात नाहीत किंवा अर्धवट जातात. दुसरी, तार एकसंध आहे की अनेक बारीक धाग्यांची? एकसंध तारेसाठीची पाती तिला दोन्ही बाजूंनी कवेत घेतात, तर धाग्यांच्या तारेत पातं सरळ आत घुसतं. दोन्हींना चालणारे प्लगही मिळतात, पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. तारा आरपार बाहेर काढून कापणारे प्लग शिकायला सोपे, कारण रंगांचा क्रम शेवटपर्यंत दिसतो. पण त्यांना कापणारं पातं असलेलं वेगळं क्रिंपिंग टूल लागतं.

खरं सांगायचं तर भिंतीतून जाणाऱ्या केबलला प्लग लावूच नये असं माझं मत आहे. ती एकसंध तारेची असते, तिचं एक टोक पॅच पॅनलवर (रॅकमधल्या जॅकांच्या पट्टीवर) आणि दुसरं भिंतीवरच्या जॅकमध्ये पंच करावं, म्हणजे तारा खाचांत दाबून बसवाव्यात. तिथून उपकरणापर्यंत कारखान्यात बनलेली पॅच कॉर्ड, म्हणजे दोन्हीकडे प्लग असलेली आखूड केबल. १०० मीटरची मर्यादा सगळ्यांना पाठ असते. तिची फोड अशी की ९० मीटर कायमची केबल आणि १० मीटर दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड मिळून.

आता आरजे४५ सारख्या दिसणाऱ्या फसव्या जागा. टेलिफोनचा आरजे११ प्लग आरजे४५ च्या खाचेत सहज जातो, पण त्याच्या कडा टोकाच्या पिनांना दाबून वाकवू शकतात. शिवाय फोनची घंटा वाजते तेव्हा लाइनवर बराच जास्त व्होल्टेज येतो. स्विचची मांडणी करायचा कन्सोल पोर्टही पुष्कळदा आरजे४५ च्याच आकाराचा असतो. त्यातून इथरनेट नव्हे तर सिरियल जातं, आणि केबल रोलओव्हर लागते, म्हणजे एका टोकाची पहिली पिन दुसऱ्या टोकाच्या आठवीवर. कोणत्याही पोर्टमध्ये काही खुपसण्याआधी वर काय छापलंय ते वाचण्याची सवय लावून घ्या.

कोअॅक्सवर, म्हणजे मधे एक तार आणि भोवती जाळी असलेल्या केबलवर, फार थांबत नाही. बीएनसी म्हणजे ढकलून फिरवायचा, कोअॅक्सवरच्या जुन्या इथरनेटमध्ये ५० ओहमच्या केबलला लागायचा. आता तो बहुधा कॅमेऱ्यांच्या ७५ ओहमच्या केबलवर भेटतो. केबल मोडेमवरचा आटे असलेला तो एफ कनेक्टर, त्यात केबलची मधली तारच पिनचं काम करते.

फायबरकडे, म्हणजे काचेच्या तंतूतून प्रकाश नेणाऱ्या केबलकडे, मात्र नीट लक्ष द्या. एससी चौकोनी, ढकलायचा-ओढायचा. एसटी फिरवून अडकवायचा, एफसी आट्यांचा. या तिघांचं फेरूल, म्हणजे तंतू धरून ठेवणारी टोकाची बारीक नळी, २.५ मिलिमीटरचं. एलसी त्याच्या निम्म्या, १.२५ मिलिमीटर फेरूलचा, आणि स्विचच्या एसएफपी मॉड्यूलमध्ये (खाचेत बसवायच्या, फायबर जोडायच्या भागात) बहुतेक वेळा तोच. ही झाली आकाराची बाब. त्याखेरीज आणखी दोन गोष्टी जुळाव्या लागतात, ज्या आकारावरून कळत नाहीत.

एक म्हणजे आतली काच. फायबरचे दोन प्रकार: सिंगल मोडमध्ये प्रकाश एकाच वाटेने जातो, मल्टिमोडमध्ये अनेक. सिंगल मोडचा गाभा सुमारे ९ मायक्रॉन, मल्टिमोडचा आज सहसा ५०. दोन्हींना तोच एलसी लागतो आणि एकमेकांत बसतोही. आवरण सिंगल मोडचं बहुधा पिवळं, ओएम३ श्रेणीच्या मल्टिमोडचं फिकट निळसर-हिरवं. दुसरी म्हणजे टोकाची घासणी. हिरवा कनेक्टर एपीसी, त्याचं टोक ८ अंशांनी तिरकं घासलेलं, म्हणजे परतणारा प्रकाश बाजूला जावा. निळा यूपीसी, टोक जवळपास सरळ. हिरवा एससी निळ्याच्या अडॅप्टरमध्ये आनंदाने बसतो, पण दोन टोकांमध्ये फट राहते, सिग्नल पडतो, आणि टोकं खराबही होऊ शकतात. हिरव्याला हिरवा, निळ्याला निळा.

फायबर जोडण्याआधी दर वेळी टोक तपासा आणि पुसा, अगदी पाकिटातून नुकतं काढलेलंही. टोपी घातलेली होती म्हणून ते स्वच्छ असतं असं नाही. आणि टोकात डोळ्याने डोकावू नका. तो प्रकाश ८५०, १३१० किंवा १५५० नॅनोमीटरचा, म्हणजे अवरक्त. दिसत नाही म्हणून तो नाही असं नसतं.

१ गिगाबिटच्या एसएफपीची आणि १० गिगाबिटच्या एसएफपी प्लसची खाच एकाच मापाची. १० गिगाबिटच्या पोर्टमध्ये १ गिगाबिटचं मॉड्यूल पुष्कळदा चालतं, उलटं चालत नाही. एकाच रॅकमधल्या दोन स्विचना जोडायचं असेल तर दोन्ही टोकांना मॉड्यूल पक्की बसवलेली तांब्याची डॅक केबल घ्या. फायबरपेक्षा स्वस्त पडते, आणि पुसापुशीचा प्रश्न येत नाही. फक्त ती काही मीटरांचीच मिळते, म्हणून मागवण्याआधी अंतर मोजताना केबल वर नेऊन, वळवून, खाली आणायची लांबीही धरा.