एल्कचं मीट डोंगरातून खाली आणायला सामान काय घ्यायचं

एल्क म्हणजे अमेरिकेतलं मोठं हरीण. त्याचा पहिला टॅग, म्हणजे शिकारीचा परवाना, मिळाला की सगळे रायफल, स्कोप, दुर्बीण याच्याच मागे लागतात, आणि मीट गाडीपर्यंत कसं न्यायचं हे प्राणी पडल्यावर डोक्यात येतं. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार जवळपास बंदच, त्यामुळे घरात कोणी हे शिकवलेलं नसतं, कोलोरॅडो किंवा मोंटानात येऊनच शिकावं लागतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी वजनाचा हिशोब करा. मोठा नर एल्क जिवंत असताना 300 किलोच्या आसपास किंवा जास्तच भरतो, हाडं काढून साफ मीट साधारण 80 ते 100 किलो निघतं. एकट्या माणसाने फेरीला 25 किलो उचललं तर चार फेऱ्या, आणि गाडी 5 किलोमीटरवर असेल तर चारदा भरलेलं उतरायचं, तीनदा रिकामं चढायचं, म्हणजे 35 किलोमीटर झाले, तेही रस्ता नसलेल्या डोंगरात. तेव्हा एकटे असाल तर गाडीपासून 3 किलोमीटरच्या पुढे गोळीच चालवू नका असं माझं स्पष्ट मत आहे, किंवा मग घोडेवाल्या पॅकरशी सीझनच्या आधीच बोलून ठेवा. खाण्यालायक मीट जंगलात टाकून येणं कोलोरॅडोत गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी एवढा जीव घेऊन अर्धा सडू द्यायचा हे मला पटतच नाही.

पैसे सगळ्यात आधी बॅगवर घाला. साधी ट्रेकिंगची बॅग चालत नाही, कडक फ्रेमवाली लागते, आणि त्यात लोड शेल्फ पाहिजे, म्हणजे फ्रेम आणि बॅग यांच्यामध्ये मीट बांधायची जागा. स्टोन ग्लेशियर, एक्सो वगैरेंच्या अशा बॅगा मिळतात पण महाग आहेत, बजेट नसेल तर जुनी ॲल्युमिनियमची बाहेरची फ्रेम सेकंडहँड घ्या, मीट वाहायला ती झकास. दुकानात रिकामी बॅग घालून काहीच कळत नाही, 25 किलो वाळूच्या पिशव्या भरून घ्या, कमरेचा पट्टा कमरेच्या हाडावर बसवा आणि अर्धा तास जिने चढउतार करा. पट्टा घसरून वजन खांद्यावर यायला लागलं तर ती बॅग तुमच्या मापाची नाही, दुसरी बघा. आणि एक, हाडं काढलेलं मीट लिबलिबीत असतं, चालता चालता तळाशी जाऊन बसतं आणि मग बॅग मागे ओढते. म्हणून पिशवी खांद्याच्या पात्यांच्या उंचीवर, पाठीला चिकटवून ठेवायची आणि खालून-वरून पट्ट्या कचकचून आवळायच्या.

दुसरी महत्त्वाची वस्तू गेम बॅग, म्हणजे हवा खेळेल अशा कापडाच्या पिशव्या. स्वस्तातल्या सुती जाळीच्या घेऊ नका, फाटतात आणि माशा त्यातून अंडी घालतात. नायलॉन-पॉलिस्टरच्या घट्ट विणीच्या घ्या, धुऊन वर्षानुवर्षं चालतात, फक्त वासाचा साबण लावू नका. एका पिशवीत 10-12 किलोच भरा म्हणजे मीट लवकर थंड होतं, पूर्ण एल्कला आठ-नऊ लागतात. गरम मीट प्लास्टिकमध्ये कधीच बांधायचं नाही, कचऱ्याची जाड पिशवी फक्त चालताना बॅगला रक्त लागू नये म्हणून, पोचलात की लगेच बाहेर काढा. मागच्या मांडीचा खुबा सगळ्यात उशिरा थंड होतो आणि मीट तिथूनच नासायला लागतं, म्हणून सप्टेंबरच्या धनुष्यबाणाच्या सीझनमध्ये दुपारी ऊन असताना मागच्या मांड्या आधी सोडवा, हाड काढा, सावलीत टांगा. यासाठी 15 मीटर पॅराकॉर्ड (बारीक पण मजबूत दोरी) आणि मीट स्वच्छ ठेवायला एक हलकी ताडपत्री पुरते.

सुरी म्हणाल तर बदलत्या पात्याची एक, कारण केसांनी धार पटकन जाते, पण ती पाती सांध्यात वाकवली की मोडतात, म्हणून जोडीला एक साधी घट्ट पात्याची ठेवाच. पोट न फाडता बाहेरूनच मांड्या, खांदे, बॅकस्ट्रॅप (कण्याच्या दोन्ही बाजूंचं लांब मीट) काढले तर करवत लागत नाही. हातमोजे आणि हेडलॅम्प दोन घ्या, हे काम बहुतेक वेळा अंधारातच संपतं. ट्रेकिंग पोल घ्याच, उतारावर वजन घेऊन गुडघे त्यांच्यामुळेच वाचतात. कायद्याप्रमाणे नर की मादी कळेल तो भाग मीटच्या मोठ्या तुकड्याला जोडलेला ठेवावा लागतो, त्या वर्षीचं नियमपुस्तक वाचूनच सुरी चालवा. शिंगं बॅगला बांधलीत तर भगवी रिबन गुंडाळा, झाडीतून लांबून शिंगंच दिसतात.

चाकाची गाडी घ्यायचा विचार असेल तर आधी नकाशा बघा. 1964 च्या वाइल्डरनेस कायद्याखालच्या जंगलात चाकं चालतच नाहीत, हातगाडीसुद्धा नाही. बर्फ असेल तर प्लास्टिकची स्लेड, म्हणजे ओढायची घसरगाडी, मस्त. मोंटाना-वायोमिंगच्या ग्रिझली अस्वलांच्या भागात बेअर स्प्रे (अस्वलाला हटवायचा फवारा) बॅगमध्ये नाही, कमरेला पाहिजे, आणि पुढच्या फेरीला परत येताना मीटकडे लांबून बघत, आवाज करत या, म्हणून ते उघड्यावर लांबून दिसेल असं टांगलेलं बरं.

गाडीत दोन मोठे कूलर, त्यात सुटा बर्फ न टाकता पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, वितळलेल्या पाण्यात मीट भिजत नाही. डोकं न्यायला एक वेगळी जाड पिशवी लागेल, कारण सीडब्ल्यूडी हा हरणांचा मेंदूचा रोग 1967 मध्ये कोलोरॅडोतच पहिल्यांदा दिसला आणि आता बऱ्याच राज्यांत आहे, टेस्टसाठी नमुना डोक्यातूनच घेतात. रिपोर्ट येईपर्यंत त्या एल्कचं मीट तारीख लिहून फ्रीझरमध्ये वेगळं ठेवा, पॉझिटिव्ह आलं तर खाऊ नका, कोणाला देऊही नका.