स्कॉटिश पूर्वज शोधायचाय? आधी आईचं माहेर बघा

स्कॉटलंडमधला पूर्वज शोधणं इंग्लंडमधल्यापेक्षा सोपं जातं, कारण तिथल्या नोंदींत लग्नानंतरही बाईचं माहेरचं आडनाव पुसलं जात नाही. १ जानेवारी १८५५ला सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी सुरू झाली. तेव्हापासून तिन्ही नोंदींत आईचं माहेरचं आडनाव विचारलं जातं. नुसते जॉन स्मिथ ढिगानं सापडतील. आई माहेरची गिलक्रिस्ट असलेले जॉन स्मिथ मोजकेच निघतील.

नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडच्या ‘स्कॉटलंड्सपीपल’ या संकेतस्थळावर खातं उघडा. सूची शोधणं फुकट आहे, मूळ पान बघायला मात्र क्रेडिट विकत घ्यावी लागतात. जन्माची पानं १००, लग्नाची ७५ आणि मृत्यूची ५० वर्षं उलटल्यावर ऑनलाइन दिसतात.

सुरुवात मृत्यूच्या नोंदीपासून करा आणि मागे चालत जा. या नोंदीत मृताच्या आईवडिलांची नावं असतात. पण ती कोणी सांगितली तेही त्याच पानावर बघा. मुलानं सांगितली असतील तर ठीक. जावयानं किंवा शेजाऱ्यानं सांगितली असतील तर लग्नाच्या नोंदीशी ताडून घ्या, कारण तिथे वधूवरांनी स्वतःच्या आईवडिलांची नावं दिलेली असतात.

घरात १८५५ साली कोणी जन्मलं असेल तर ते पान हमखास विकत घ्या. त्या एकाच वर्षी आईवडिलांचं वय, त्यांचं जन्मस्थान, लग्न कधी-कुठे झालं, आधीची मुलं किती, असं सगळं विचारलं होतं. हा पसारा झेपेना म्हणून १८५६पासून रकाने कमी केले. लग्नाची तारीख आणि ठिकाण तेवढं १८६१पासून परत आलं. तुमचा पणजोबा त्या वर्षीचा नसला तरी बिघडत नाही, त्याचं एखादं भावंड चालतं.

मग जनगणना. १८४१ ते १९२१पर्यंतच्या दर दहा वर्षांच्या याद्या खुल्या आहेत. १८४१च्या यादीवर फार विसंबू नका. त्यात पंधरा वर्षांपुढच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणलं आहे, म्हणजे ३९ वर्षांचा माणूस ३५चा दिसतो. घरातल्यांची आपसातली नाती नाहीत, आणि जन्म त्याच परगण्यातला की बाहेरचा, एवढंच कळतं. खरी कामाची यादी १८५१ची. तिच्यात नातं आणि जन्माचा पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला परिसर, दोन्ही मिळतात, आणि पॅरिश कळल्याशिवाय १८५५च्या मागे जाता येत नाही.

त्याआधीची भिस्त चर्च ऑफ स्कॉटलंडच्या, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय चर्चच्या, पॅरिश नोंदवह्यांवर. सर्वांत जुनी वही पर्थशायरमधल्या एरलची, १५५३ची. सगळीकडे इतकं नशीब नसतं. कित्येक ठिकाणी वह्या खूप उशिरा सुरू होतात, मधली वर्षं गायब असतात. वहीत जन्मापेक्षा बाप्तिस्म्याची तारीख सापडण्याची शक्यता जास्त. लग्न म्हणून जे दिसतं ते अनेकदा चर्चमध्ये केलेली लग्नाची घोषणा असते. वधू-वर वेगवेगळ्या पॅरिशचे असतील तर दोन्हीकडे बघा. दफनाच्या नोंदी तुटपुंज्या. कधी कधी शवपेटीवर घालायच्या कापडाचं भाडं भरल्याची नोंद, तेवढाच मृत्यूचा पुरावा.

नाव सापडलंच नाही तर तीन शक्यता तपासा. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता, तो चुकवायला गरिबांनी नोंदच केली नाही. किंवा कुटुंब दुसऱ्या पंथाचं असेल: १८४३मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंड फुटून फ्री चर्च निघालं, आणि त्याआधीही फुटलेले गट होतेच. त्यांच्या वह्या वेगळ्या शोधाव्या लागतात. तिसरी शक्यता स्पेलिंगची. मॅकने सुरू होणारी आडनावं कारकुनानं कानावर पडली तशी लिहिली, म्हणून शोधताना अनिश्चित अक्षरांच्या जागी तारांकन टाका.

दोन उमेदवार उरले तर नावांची रीत कामी येते. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. थोरल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला वडिलांच्या आईचं. हा नियम नव्हे, नुसती प्रथा. तिच्यावरून अंदाज बांधा, पुरावा म्हणून मांडू नका.

चर्चच्या पंचायतीची, म्हणजे कर्क सेशनची, इतिवृत्तं तर चाळाच. अनौरस मुलाच्या बापाचं नाव जन्मनोंदीत नसलं तरी इथे बाईला उभं करून विचारलेलं असतं. ही पानं त्याच संकेतस्थळावर फुकट बघता येतात. नावांची सूची मात्र नाही, तेव्हा ओळ न् ओळ वाचायची तयारी ठेवा.

आणि पूर्वज मध्येच नाहीसा झाला, तर तो इकडे आला असेल. विल्सन कॉलेज ज्यांच्या नावानं आहे ते जॉन विल्सन १८०४मध्ये लॉडरला जन्मले आणि १८२९मध्ये मुंबईत आले. १८४१च्या जनगणनेच्या वेळी त्यांचं घर मुंबईत होतं. अशांच्या बाप्तिस्मा, लग्न, दफन या नोंदींसाठी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे, म्हणजे भारताचा कारभार बघणाऱ्या ब्रिटिश सरकारी खात्याचे, दप्तर बघायचे. मुंबई इलाख्याच्या चर्च नोंदी त्यात एन-३ या क्रमांकाखाली आहेत.