केसपेपरवर न लिहिलेली ओळ
बीडीएस झाल्यावर मी परळच्या एका क्लिनिकमध्ये असोसिएट म्हणून लागले. तिसऱ्याच महिन्यात एका काकूंच्या खालच्या दाढेचं रूट कॅनल करताना फाइल, म्हणजे दाताच्या मुळातली नळी (कॅनल) साफ करायची सुईसारखी बारीक पट्टी, कॅनलच्या टोकाशी तुटली. आरव्हीजीवर, म्हणजे दाताच्या डिजिटल एक्स-रेवर, केसाएवढी पांढरी रेघ दिसली आणि माझे हात गार पडले. सरांनी स्क्रीनकडे पाहिलं, हळूच म्हणाले, "भरून टाक, कॅप बसव. त्यांना कळायचं नाही."

मी भरून टाकलं. केसपेपरवर लिहिलं, 'रूट कॅनल पूर्ण'.

दीड वर्षाने दाढ सुजली, काकू दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्या आणि ती रेघ त्यांना तिथे कळली. नंतर त्या माझ्याकडे आल्या. भांडल्या नाहीत. "बाळा, तेव्हाच सांगितलं असतंस तर?" एवढंच म्हणाल्या.

नव्याने प्रॅक्टिस सुरू करणाऱ्यांना म्हणूनच सांगते. फाइल चांगल्या हातांकडूनही तुटते, आणि ती तुटली एवढ्यावरून कुणी निष्काळजी ठरत नाही. पण त्याच दिवशी, पेशंटच्या भाषेत, खुर्ची सरळ करून सांगा: काय झालं, तुकडा ठेवून लक्ष ठेवता येईल की एंडोडोंटिस्टकडे (रूट कॅनलच्या तज्ज्ञाकडे) पाठवायचं. मग ते बोलणं तारखेसह लिहा आणि आरव्हीजी जपून ठेवा. पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली येतात, हे सुप्रीम कोर्टाने 1995 मध्येच स्पष्ट केलंय. तक्रारीला साधारण 2 वर्षांची मुदत असते. तिथे तुमची आठवण कुणी विचारत नाही, कागद मागतात.

संमतीचंही तसंच. समीरा कोहली प्रकरणात 2008 मध्ये कोर्टाने म्हटलं, की तपासणीला दिलेली संमती उपचाराला चालत नाही. फिलिंगला 'हो' म्हणालेल्या पेशंटची भूल चढलेली असताना परस्पर रूट कॅनल उघडू नका. खालची अक्कलदाढ काढण्याआधी ओठ बधिर राहू शकतो हे मराठीत सांगा, आणि त्यांना काय समजलं ते त्यांच्याच तोंडून ऐका. इंग्रजी फॉर्मवरच्या घाईच्या सहीला मी संमती मानत नाही. आपल्याकडे आई-बाबा दोघंही नोकरीला, म्हणून नातवाला आजी घेऊन येते. दात काढायचा असेल तर आधी आई-बाबांना फोन लावा, सहीला त्यांनाच बोलवा.

बाकी कागदपत्रं पहिला पेशंट घेण्याआधीच उरका: महाराष्ट्र राज्य दंत परिषदेची नोंदणी, एक्स-रे मशीनसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची नोंदणी, जैववैद्यकीय कचऱ्याचा करार. सुया पांढऱ्या डब्यात. काढलेले दात पिवळ्या पिशवीत, पण अमाल्गम (पाऱ्याचं चंदेरी फिलिंग) भरलेला दात तिथे नको, जाळल्यावर पारा हवेत जातो. आणि पेशंट पाठवल्याबद्दल कुणी कट देऊ केला तर घेऊ नका. आचारसंहितेत तो निषिद्ध आहेच, आणि एकदा घेतलात की कुणाकडे पाठवायचं हे पेशंटची दाढ ठरवत नाही.

काकूंना मी एंडोडोंटिस्टकडे नेलं, फी मी भरली. मग त्यांचा जुना केसपेपर काढला. 'रूट कॅनल पूर्ण' खोडलं नाही, व्हाइटनर लावला नाही. त्याखाली लिहीत होते त्याच दिवशीची तारीख टाकून खरं काय घडलं ते लिहिलं, सही केली आणि काकूंना वाचून दाखवलं.