लिओंच्या जुन्या शहरात दारे ढकलून पाहावीत

फ्रान्समधील लिओं शहरात जाणाऱ्याने निदान एक सकाळ सोन नदीकाठच्या जुन्या वस्तीसाठी, म्हणजे व्ह्यू लिओंसाठी राखून ठेवावी. १९९८ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या या शहराचे खरे वैशिष्ट्य रस्त्यावरून दिसतच नाही. येथील अनेक घरांच्या पोटातून 'त्राबुल' नावाच्या बोळकंड्या जातात व एका रस्त्यावरचे दार मागच्या रस्त्यावर उघडते. र्‍यू सें-झां या रस्त्यावरील ५४ क्रमांकाच्या दारातून आत शिरल्यास चार इमारती आणि त्यांचे चौक ओलांडून आपण र्‍यू द्यु बफ या रस्त्यावर २७ क्रमांकाशी बाहेर पडतो. दार बंद दिसले म्हणून परत फिरू नये. बाजूचे बटण दाबून ते हलकेच ढकलावे. उघडले नाही, तर मात्र हट्ट करू नये. आत लोक राहतात, त्यामुळे आवाज बेताचाच ठेवावा (आपल्याकडच्या वाड्यात शिरताना ठेवतो, त्याहूनही कमी).

फुर्व्हिएरच्या टेकडीवर दोरखंडी रेल्वेने जावे आणि बागेतून पायी उतरावे. उलट केल्यास चढण दमवते. दगडी फरसबंदीवर चाकांची बॅग ओढणे हा निव्वळ छळ असल्याने सामान स्थानकावरच ठेवावे.

शाकाहारी प्रवाशांनी 'बुशों' या पारंपरिक खानावळीत बसण्यापूर्वी दाराबाहेरील फलक वाचावा, कारण तेथील बहुतेक पदार्थ मांसाचे, त्यातही डुकराच्या मांसाचे असतात.