दहावीच्या वर्षात मुलांना दमवणाऱ्या या चुका टाळा

माध्यमिक शाळेत गणित शिकवायला लागून मला सव्वीस वर्षे झाली आणि त्यातली बहुतेक वर्षे माझ्याकडे दहावीचे वर्ग होते. दरवर्षी दिवाळीनंतर पालक भेटायला येतात आणि जवळपास प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो: "सर, अजून काय करून घेऊ?" मुलाचा दिवस कसा जातो असे विचारले, की सकाळी दोन तास शिकवणी, अकरा ते पाच शाळा, संध्याकाळी पुन्हा दोन तास क्लास आणि रात्री दोन्हीकडचा गृहपाठ, असे उत्तर मिळते. म्हणजे दहा तास दुसऱ्याचे ऐकण्यात जातात आणि ऐकलेले स्वतः मांडून पाहायला मुलाजवळ वेळही उरत नाही आणि ताकदही उरत नाही. अशा मुलाच्या दिवसातून आधी काहीतरी कमी करावे लागते, आणि तेवढेच करायला कोणी तयार नसते.

पहाटे चारचा गजर

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक झोपेची आहे. "लवकर निजे, लवकर उठे" ही म्हण घरोघरी सांगितली जाते, पण तिच्यातले उठणे तेवढे पालकांच्या लक्षात राहते आणि निजणे विसरले जाते. तेरा ते अठरा या वयात रोज ८ ते १० तास झोप लागते. शिवाय वयात येताना शरीराचे झोपेचे घड्याळच पुढे सरकते, त्यामुळे या मुलांना रात्री लवकर झोप येत नाही. त्यात आळशीपणा शोधू नये. साडेअकराला आडवा झालेला मुलगा चारला उठवला, तर त्याची निम्मी झोप आपण हिरावून घेतलेली असते. दिवसा शिकलेले मेंदूत पक्के होण्याचे काम झोपेतच चालते, म्हणून ही चोरी शेवटी अभ्यासातूनच वजा होते. लहान मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून २०२४ मध्ये राज्य शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे सांगितले. दहावीच्या मुलांच्या झोपेचा विचार मात्र घरातच करावा लागतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. सहामाहीपर्यंत त्याची भूमिती उत्तम होती. दिवाळीनंतर घरच्यांनी त्याला आणखी एक सराव परीक्षांचा क्लास लावला आणि पहाटे चारला उठवायला सुरुवात केली. जानेवारीच्या पूर्वपरीक्षेत पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता आली होती. ती त्याने वर्गात फळ्यावर दोनदा करून दाखवली होती. उत्तरपत्रिकेत त्याने आकृती काढली, पक्ष लिहिला, साध्य लिहिले, कर्णावर लंब टाकण्याची रचनाही बरोबर लिहिली, आणि समरूप त्रिकोणांच्या पहिल्या ओळीनंतर पान कोरे सोडले. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "सर, आकृती दिसत होती, पण पुढची ओळच येईना." त्या वेळी माझ्या हातून मोठी चूक झाली: सराव कमी पडला असे समजून मी त्याला आणखी तीन प्रश्नपत्रिका सोडवायला दिल्या. पुढच्या आठवड्यात तो माझ्या तासाला बाकावर डोके टेकवून झोपला. त्याच्या आईशी बोललो तेव्हा कळले, की दोन महिने तो रात्री बारा ते पहाटे चार एवढाच झोपत होता.

आम्ही जादा क्लास बंद केला, साडेदहाला दिवा मालवायचा आणि सहाला उठायचे असे ठरवले. पहिले आठ दिवस काहीच सुधारले नाही. उलट तो दुपारीही झोपू लागला आणि वडील अस्वस्थ होऊन दोनदा शाळेत आले. साचलेली झोप दोन दिवसांत भरून निघत नाही, हे अधीर माणसांना पटवणे फार कठीण जाते. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तीच सिद्धता त्याने न अडखळता लिहिली आणि मार्चमध्ये भूमितीचा दोन तासांचा पेपर वेळेत पूर्ण केला. तेव्हापासून कोणत्याही पालकाला अभ्यासाबद्दल काही सांगण्याआधी मी मुलाची झोपण्याची आणि उठण्याची वेळ विचारतो.

वाचून झाले म्हणजे अभ्यास झाला

दमलेली मुले पुस्तक उघडून तोच धडा चौथ्यांदा वाचतात, कारण वाचताना सगळे ओळखीचे वाटते. ओळखीचे वाटणे आणि आठवणे यांत फार अंतर आहे. माझी सवय अशी आहे, की पाऊण तास अभ्यास झाला की पुस्तक मिटायला लावतो आणि दहा मिनिटांत आठवेल तेवढे कोऱ्या कागदावर लिहायला सांगतो. मग पुस्तक उघडून राहिलेले लाल पेनाने भरायचे. मुलांना हे आवडत नाही, कारण पहिल्या दिवशी कागद जवळजवळ रिकामा राहतो. पण यामुळे तीन तासांचे काम दीड तासात होते, आणि वाचलेला वेळ पुन्हा अभ्यासात न घालता मुलाला परत द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. "आयएमपी" प्रश्नांच्या याद्यांवर मात्र माझा अजिबात विश्वास नाही. त्या यादीबाहेरचा प्रश्न दिसला, की धास्तावलेले मूल येणारे उत्तरही विसरते.

खेळ, तबला, चित्रकला जूनपासून बंद करू नका. संध्याकाळचा अर्धा तास मैदानावर गेलेला मुलगा रात्री शांत झोपतो आणि झोपला की शिकतो.

न्याहारी न करता मुलाला शिकवणीला पाठवू नका. रात्री जागण्यासाठी चहा-कॉफी देऊ नका. स्मरणशक्ती वाढवण्याच्या औषधांवर पैसे घालवू नका. मोबाइल रात्री मुलाच्या उशाशी नको आणि आपल्याही नको. मावसभावाचे गुण जेवताना काढू नका.

गुणांचे ओझेही नीट मोजून पाहावे. सहा विषयांच्या ६०० गुणांपैकी सर्वोत्तम पाच विषय धरून ५०० वर टक्केवारी काढली जाते. भाषांना प्रत्येकी २० आणि गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे यांनाही तेवढेच गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीने अकरावीत प्रवेश घेता येतो आणि पुरवणी परीक्षाही त्याच वर्षी होते. हे मुलाला जूनमध्येच शांतपणे सांगावे. निकालाच्या दिवशी सांगितले तर ते सांत्वन वाटते.

थकवा आणि आजार यांत गल्लत करू नका. मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ गप्प असेल, जेवण तुटले असेल, सुट्टीतही झोप लागत नसेल किंवा आवडत्या गोष्टीकडेही वळत नसेल, तर डॉक्टरांकडे न्यावे; परीक्षा संपेपर्यंत थांबू नये. जगण्याला कंटाळल्याचे एक वाक्य जरी त्याने उच्चारले, तरी त्याला एकटे सोडू नये, रागावू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तो चोवीस तास चालू असतो. "नाटक करतोय" हे शब्द मी शिक्षकांच्या खोलीतही ऐकले आहेत आणि प्रत्येक वेळी मला त्यांची चीड आली आहे.

परीक्षेच्या आदल्या रात्री नवा धडा उघडू नये. प्रवेशपत्र, कंपासपेटी आणि पाण्याची बाटली नऊच्या आत पिशवीत भरून ठेवावी. पेपर देऊन मूल घरी आले, की दारातच प्रश्नपत्रिका हातात घेऊन उत्तरे पडताळायला बसू नये; लिहून झालेल्या पेपरचे काही बदलत नाही आणि पुढच्या पेपरची उमेद मात्र जाते. त्याला गरम जेवण वाढावे, तासभर झोपू द्यावे आणि उठल्यावर पुढच्या विषयाचे पुस्तक त्याने स्वतः काढेपर्यंत थांबावे.